विश्लेषण : मोटारीच्या पत्र्याला विजेने रंग कसा लावतात? आणि त्यातली रंगाची पूड इतकी त्रासदायक का ठरते?

गाडी घेताना चर्चा होते ती लाल, पांढऱ्या की चंदेरी रंगाची. पण पत्रा गंजापासून वाचवतो तो या रंगाखाली दडलेला, कधीच न दिसणारा करडा किंवा काळा थर. जेमतेम २० मायक्रॉन जाडीचा हा थर अख्खी बॉडी पाण्याने भरलेल्या टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने चढवला जातो. या टाकीतली राळ, म्हणजे रेझिन, वीज सुरू होताच पत्र्याकडे सरकते. तिच्यात मिसळलेल्या रंगद्रव्याच्या पुडीला मात्र हे स्वतःहून जमत नाही. तिला सोबत नेणे, तळाशी बसू न देणे आणि वर्षानुवर्षे एकाच प्रमाणात पत्र्यावर उतरवणे, हे रंग बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञापुढचे खरे काम असते.

‘सीईडी’ म्हणजे काय?

चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत फिरताना ‘सीईडी कोटिंग’ अशा पाट्या हमखास दिसतात. ‘कॅथोडिक इलेक्ट्रो डिपॉझिशन’चे हे लघुरूप. बोलीभाषेत ‘ई-कोट’. मोटारीच्या बॉडीपासून सीटच्या फ्रेमपर्यंत आणि ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटपासून चाकाच्या रिमपर्यंत असंख्य लोखंडी भागांचा पहिला थर आज याच पद्धतीने लागतो.

पूर्वी गाड्यांच्या बॉडी थिनरवर आधारित रंगात बुडवत. आगीचा धोका तर होताच, पण दुसरी अडचण अधिक चिवट होती. दाराखालची पट्टी, खांब, चॅसीच्या पेट्या अशा पोकळ भागांत रंग पोहोचला, तरी भट्टीत थिनरची वाफ आतच कोंडे, थंड भागावर द्रवरूप होई आणि नुकताच लागलेला रंग धुऊन काढी. गाडी बाहेरून चकचकीत दिसे आणि आतून सडत जाई. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीचे दार खालच्या कडेने आधी का कुजते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस यावर काम सुरू केले आणि १९६३ मध्ये मोटारीसाठी पहिली व्यावसायिक यंत्रणा सुरू झाली. त्या काळी बॉडी धनाग्र असे. त्यामुळे वीज सुरू झाली की थोडे लोखंडही विरघळून थरात मिसळे, थरावर डाग पडत आणि पत्र्यावरचा फॉस्फेटचा अस्तरथर दुखावला जाई. पुढे जोडणी उलटी केली गेली. बॉडी ऋणाग्र झाली आणि रंगाचे कण धनभारित. पीपीजी कंपनीने १९७० मध्ये असा रंग बाजारात आणला, १९७५ पासून मोटारींसाठी त्याचा वापर सुरू झाला, आणि आज मोटार उद्योगात हीच पद्धत रूढ आहे.

पाण्यातला रंग पत्र्यावर कसा चिकटतो?

टाकीत सुमारे ८० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः इपॉक्सी जातीची राळ असते. ही राळ पाण्यात मिसळत नाही. म्हणून तिला अमाइन गट जोडतात आणि थोडे आम्ल घालतात. हे आम्ल कधी व्हिनेगरमधले ॲसेटिक असते, तर कधी दह्यातले लॅक्टिक. आम्लामुळे राळेवर धनभार येतो आणि तिचे साधारण एक दशांश मायक्रॉनचे थेंब पाण्यात तरंगत राहतात. दुधासारख्या दिसणाऱ्या या मिश्रणाला इमल्शन म्हणतात.

बॉडी ऋण टोकाला जोडून टाकीत उतरवली आणि २०० ते ४०० व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडला की धनभारित थेंब तिच्याकडे सरकतात. पण ते नुसते ओढले जाऊन चिकटतात, असे नाही. पत्र्याला लागून असलेल्या पाण्याचे विघटन होते, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि मागे आम्लारी उरते. टाकीचा सामू, म्हणजे पीएच, सहाच्या आसपास असतो. पत्र्यालगतच्या पातळ पट्ट्यात तो बाराच्या घरात जातो. तिथे पोहोचताच राळेवरचा भार नाहीसा होतो, तिला पाण्यात राहता येत नाही आणि ती पत्र्यावर साकळते. दुधात लिंबू पिळल्यावर होते तसेच काहीसे. फरक इतकाच की इथे फाटणे आम्लाने होत नाही, आम्लारीने होते.

खरी गंमत पुढे आहे. साचलेला थर विजेला अडवतो. मग प्रवाह उघड्या पत्र्याच्या शोधात आत, पोकळ पेट्यांमध्ये शिरतो आणि तिथेही थर बसू लागतो. या गुणाला ‘थ्रो पॉवर’ म्हणतात. दोन-तीन मिनिटांत सगळीकडे थर बसतो, जादा रंग धुतला जातो आणि १६० ते १८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वीसेक मिनिटांत राळ वितळते, सपाट होते आणि तिचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात.

मग रंगद्रव्य घालायचेच कशाला?

नुसती राळही पत्र्यावर बसते. दागिने, हार्डवेअर किंवा पितळी वस्तूंवर असा पारदर्शक ई-कोट दिला जातोच. मग मोटारीच्या रंगात पूड घालून डोकेदुखी का वाढवायची?

पहिले कारण साधे आहे. पारदर्शक थर कुठे बसला आणि कुठे राहिला, हे कामगाराच्या डोळ्यांना दिसत नाही. वरच्या रंगाला सलग पार्श्वभूमीही लागते. त्यासाठी काजळीसारखा कार्बन ब्लॅक आणि करडी छटा हवी असेल, तर पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. तिसरी पूड म्हणजे केओलिन, साध्या भाषेत चिनी माती. तिचे कण चपटे, षटकोनी पापुद्र्यांसारखे असतात. थरात ते एकमेकांवर कौलांसारखे पडतात, त्यामुळे पाणी आणि ऑक्सिजनला पत्र्यापर्यंत पोहोचायला लांबचा वळसा पडतो. ती स्वस्तही आहे, आणि रंगाच्या धंद्यात हे कारण कधीच दुय्यम नसते.

सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र कडांचे. भट्टीत राळ पातळ होते तेव्हा पृष्ठताणामुळे ती धारदार कडेवरून मागे सरते. पत्रा जिथे कापला आहे, तिथेच थर विरळ होतो, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. पूड मिसळली की वितळलेली राळ घट्ट राहते आणि कडेवर टिकते. पण तीच पूड जास्त झाली, तर राळ सपाट होत नाही. थर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत राहतो आणि वरचा महागडा रंगही तो खडबडीतपणा लपवू शकत नाही. म्हणजे कड सांभाळायची तर पृष्ठभाग बिघडतो, पृष्ठभाग सांभाळायचा तर कड उघडी पडते.

म्हणूनच ई-कोटमध्ये राळेच्या तुलनेत पूड थोडीच घालतात. वजनाने साधारण एक दशांश ते तीन दशांश. भिंतीच्या स्वस्त डिस्टेंपरमध्ये पूड राळेच्या कित्येक पट असते. त्याच्याशी तुलना केली, तर हा रंग म्हणजे जवळजवळ निव्वळ राळच.

कोणतीही पूड का चालत नाही?

इथे रंगतज्ज्ञाची बरीचशी नेहमीची शिदोरी बाद होते. उदाहरणार्थ, खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जगातल्या बहुतेक स्वस्त रंगांचा ती आधार आहे. पण सीईडीच्या टाकीत आम्ल असते. खडू त्यात विरघळतो, बुडबुडे सोडतो आणि राळेला तरंगत ठेवणारे आम्लच खाऊन टाकतो. राळ मग टाकीतच गोळा होऊ लागते. झिंक ऑक्साइडचेही तेच.

न विरघळणारी पूड निवडली, तरी तिच्यासोबत येणारे क्षार उरतातच. हे क्षार थरात बसत नाहीत, टाकीत साठत जातात. एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मोटारीच्या बॉडीचे आतले-बाहेरचे मिळून १०० चौरस मीटर क्षेत्र धरले, तर २० मायक्रॉनच्या थरासाठी दोन लिटर घन रंग लागतो. त्यात पुडीचे वजन सुमारे ४०० ग्रॅम. दिवसाला एक हजार बॉडी रंगवणाऱ्या कारखान्यात रोज ४०० किलो पूड टाकीतून जाते. समजा, तिच्यात अर्धा टक्का विद्राव्य क्षार आहेत. म्हणजे रोज दोन किलो क्षार. टाकी तीन लाख लिटरची असली, तरी महिन्याभरात दर लिटरमागे २०० मिलिग्रॅमची भर पडते. हे क्षार मिठासारखे असतील, तर पाण्याची विद्युतवाहकता त्याने सुमारे ४०० मायक्रोसिमेन्सने वाढते. टाकीची मूळ वाहकता एक ते दोन हजारांच्या दरम्यान असते, हे लक्षात घेतले, तर ही वाढ किरकोळ नाही. वाहकता वाढली की प्रवाह वाढतो, हायड्रोजन जोरात सुटतो, थर फुटतो. जस्त चढवलेल्या पत्र्यावर तर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडतात. प्रत्यक्षात गाळणीवाटे काही पाणी सतत बाहेर काढून क्षार घटवले जातात, पण त्या पाण्याबरोबर पैसाही वाहून जातो. म्हणून ई-कोटसाठीची चिनी माती धुतलेली, क्षारमुक्त प्रतीची लागते आणि पेस्ट बनवायलाही नळाचे पाणी चालत नाही, ‘डीआय वॉटर’च लागते.

यातली सर्वांत मोठी कोंडी गंजरोधक पुडींची आहे. झिंक क्रोमेट, स्ट्रॉन्शियम क्रोमेट अशी रंगद्रव्ये गंज थोपवतात ती मुळात थोडी थोडी विरघळतात म्हणून. थरात शिरलेल्या ओलाव्यात त्यांचे आयन उतरतात आणि लोखंडाला शांत ठेवतात. नेमका हाच गुण टाकीत दोष ठरतो. पत्र्यावर बसल्यावर जे विरघळायला हवे, ते पत्र्यावर बसेपर्यंत विरघळता कामा नये. ही अट जवळजवळ कुणालाच पाळता येत नाही. शिशाची काही संयुगे ती बऱ्यापैकी पाळत, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

कार्बन ब्लॅकची तऱ्हा आणखी वेगळी. तो विरघळत नाही, पण वीज वाहून नेतो. त्याचे प्रमाण वाढले, तर बसलेला थर विजेला नीट अडवत नाही. प्रवाह बाहेरच्याच भागावर रेंगाळतो आणि पोकळ पेट्या उपाशी राहतात. शिवाय त्याचे कण इतके बारीक असतात, की त्यांचा एकूण पृष्ठभाग अफाट होतो आणि तो भिजवायला राळही तितकीच जास्त लागते.

पेस्ट वेगळी का दळतात?

मॉस्को विद्यापीठात १८०७ मध्ये फर्डिनांड रॉइस यांना दिसले, की पाण्यातले मातीचे कण विजेच्या प्रभावाखाली सरकतात. ई-कोटचे मूळ त्या प्रयोगात आहे. पण माती त्या वेळी सरकली ती धनाग्राकडे, कारण पाण्यात मातीच्या कणांवर ऋणभार असतो. सीईडीमध्ये तीच माती उलट दिशेला, ऋणाग्राकडे न्यायची असते. मुख्य राळेच्या इमल्शनमध्ये पूड थेट टाकली, तर ती गुठळ्या करते, काही वेळा राळेलाही फाडते.

त्यामुळे पूड आधी वेगळ्या, खास राळेत दळली जाते. तिला ‘ग्राइंडिंग रेझिन’ म्हणतात. हिच्यावरचा धनभार मुख्य राळेपेक्षा पक्का असतो. बऱ्याचदा तो चतुर्थक अमोनियम किंवा सल्फोनियम गटांचा असतो, आणि नुसत्या आम्लाच्या कमी-जास्तीने तो जात नाही. ती प्रत्येक कणाभोवती गुंडाळली जाते आणि कणाला धनभाराचा अंगरखा चढतो. आता मातीचा कण बाहेरून मातीसारखा वागत नाही, राळेच्या थेंबासारखा वागतो. दोघे एकत्र सरकतात, एकत्र साकळतात.

हा अंगरखा नीट चढण्यासाठी गुठळ्या फुटायला हव्यात. आधी वेगवान ढवळणीत मिश्रण घोटतात, मग झिर्कोनियाच्या बारीक मण्यांनी भरलेल्या बीड मिलमधून ते पुन्हा पुन्हा फिरवतात. दळण झाले की नाही, हे पाहायला आजही हेगमन गेज नावाची साधी पोलादी पट्टी वापरतात. पट्टीवर उतरत्या खोलीची खाच असते. तिच्यात पेस्ट ओढायची आणि कण कुठल्या आकड्यापाशी दिसू लागतात ते बघायचे. सात आकडा म्हणजे साधारण साडेबारा मायक्रॉन. ज्या थराची जाडीच २० मायक्रॉन आहे, त्यात साडेबारा मायक्रॉनची गुठळी म्हणजे पोळीत खडा. त्यामुळे ई-कोटमध्ये सातच्या पुढे गेल्याशिवाय दळण संपत नाही.

अंगरखा जास्त जाड झाला तरी पंचाईत. दळणाच्या राळेतले पक्के भारित गट भट्टीतून गेल्यावरही थरात उरतात आणि पाण्याला आवतण देतात. कमी घातली तर पूड बसते, जास्त घातली तर थर फुगतो.

सुट्टीच्या दिवशीही टाकी का ढवळतात?

टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपटीहून जड, चिनी माती अडीच पटीहून जड. स्टोक्सच्या नियमानुसार कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. शांत पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा एक मायक्रॉनचा कण तासाला सहा मिलिमीटर खाली जातो. दहा मायक्रॉनची गुठळी शंभरपट वेगाने, म्हणजे तासाला ६० सेंटिमीटर. तीन मीटर खोल टाकीचा तळ ती पाच तासांत गाठते. म्हणून दळण हे केवळ दिसण्यासाठी नसते. टाकी जगण्यासाठी असते.

टाकी काही लाख लिटरची आणि एकदा भरली की वर्षानुवर्षे रिकामी होत नाही. खर्च होईल तितका रंग रोज भरायचा आणि जुन्यात नवा मिसळत राहायचा. त्यामुळे पंप अहोरात्र फिरतात. तासाला चार ते सहा वेळा टाकीतला सगळा रंग फिरेल, असा हिशेब ठेवलेला असतो. पिंपरी-भोसरी पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, पण ई-कोटच्या पंपांना नसते. वीज गेली तर जनरेटरवर सर्वांत आधी जे भार घेतले जातात, त्यात हे पंप असतात. पुडीचा साका एकदा घट्ट बसला की पुन्हा ढवळूनही तो पहिल्यासारखा सुटा होत नाही.

ढवळत्या टाकीतही धोका टळत नाही. बॉडीचे छप्पर, बॉनेट असे आडवे भाग टाकीत असताना पूड त्यांच्यावर वरून पडत राहते. प्रयोगशाळेत हे तपासायला इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा वाकवलेला पत्रा वापरतात. ढवळणे थांबवून त्याच्यावर थर चढवायचा आणि उभी व आडवी बाजू बोटाने चाचपायची. आडवी बाजू कानशीसारखी खरखरीत लागली, तर रंग नापास.

लहान जॉब-वर्क करणाऱ्या कारखान्यांची अडचण वेगळी असते. मोठ्या कारखान्यात टाकीतला रंग लवकर खर्च होतो आणि नवा येतो. लहान टाकीला काम कमी मिळाले, तर तोच रंग महिनोन्‌महिने फिरत राहतो. पंपातून घुसळला जातो, त्यातली द्रावके उडतात, पाण्यात जिवाणू वाढतात, आणि कणांवरचा अंगरखा हळूहळू उसवतो. रंग कंपनीच्या प्रयोगशाळेत उत्तम ठरलेला रंग अशा टाकीत का बिघडतो, यावरून पुरवठादार आणि कारखानदार यांच्यात जुंपते. दोघांचेही थोडे थोडे खरे असते.

प्रमाण बिघडले, हे कळते कसे?

राळ आणि पेस्ट टाकीत वेगवेगळ्या पिंपांतून भरली जातात. ही सोय आहे, तसाच तो धोकाही आहे. टाकीत पूड-राळेचे जे प्रमाण आहे, तेच थरातही उतरायला हवे. थरात पूड कमी उतरली, तर टाकी पुडीने जड होत जाते, गाळ वाढतो, मग भरताना पेस्ट घटवावी लागते. जास्त उतरली तर उलट.

तपासणीची पद्धत घरगुती वाटावी इतकी सोपी आहे. टाकीतला थोडा रंग वाळवायचा, वजन करायचे, भट्टीत जाळायचा आणि राख मोजायची. राळ जळून जाते, पूड उरते. पण कार्बन ब्लॅकही जळून जातो. काळ्या ई-कोटची राख पांढरट दिसते आणि ती फक्त चिनी मातीचा हिशेब सांगते. चिनी मातीही तापल्यावर तिच्या रचनेत बांधलेले सुमारे १४ टक्के पाणी सोडते. हा फरक न धरता राखेचा आकडा वाचला, की चांगल्या टाकीत नाहक पेस्ट ओतली जाते. नवख्या केमिस्टची ही हमखास होणारी चूक.

पेस्टमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली असते. भट्टीत राळेचे रेणू गुंफले जाण्यासाठी उत्प्रेरक लागतो. बराच काळ त्यासाठी डायब्यूटिल टिन ऑक्साइड वापरले गेले. ते स्वतःच न विरघळणारी पांढरी पूड आहे आणि रंगद्रव्यांबरोबरच दळले जाते. म्हणजे पेस्ट तळाशी बसली, तर टाकीतून रंग जातोच, पण थर पक्का करणारी गोष्टही जाते. गाडी दिसायला नीट, भट्टीतून बाहेर आलेली, पण थर कच्चा. मग एमईके नावाच्या द्रावकात बुडवलेले फडके थरावर ठरावीक वेळा घासून पाहतात. फडक्याला रंग लागला, की शोध सुरू होतो आणि तो बऱ्याचदा पेस्टच्या पिंपापाशी थांबतो.

शिसे इतकी वर्षे का टिकले आणि कसे गेले?

लोखंडाला शिशाचा प्रायमर ही जुनी रीत. शेंदूर म्हणून ओळखले जाणारे शिशाचे ऑक्साइड पूल आणि जहाजांना कित्येक दशके लावले गेले. ई-कोटमध्ये शिशाचे सिलिकेट आले ते वर सांगितलेल्या कोंडीतून वाट काढत. आम्लात ते बेताने विरघळते, पत्र्यावर उतरते, गंज थोपवते, शिवाय भट्टीत राळ पक्की व्हायलाही मदत करते. एकाच पुडीत तीन कामे. म्हणून ती विषारी आहे, हे माहीत असूनही सोडवत नव्हती.

सोडायला लावले ते कायद्याने. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार १ जुलै २००३ नंतर बाजारात येणाऱ्या वाहनांत, ठरावीक अपवाद वगळता, शिसे, पारा, कॅडमियम आणि षट्‌संयुजी क्रोमियम यांना बंदी झाली. पीपीजीने शिशाऐवजी यट्रियम हे धातू वापरून सीईडी तयार केले. वजनाने निम्मे यट्रियम शिशाइतकेच काम करते, असे दिसून आले आणि २००१ मध्ये या कामाला अमेरिकेचा ‘प्रेसिडेन्शियल ग्रीन केमिस्ट्री चॅलेंज’ पुरस्कार मिळाला. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले. औद्योगिक रंग मात्र त्यांच्या कक्षेत येत नाहीत. इथल्या ई-कोटमधून शिसे हटण्यामागे वाहन कंपन्यांच्या जागतिक अटींचा वाटा मोठा आहे.

कथिलाचीही पाळी आली. डायब्यूटिल टिन संयुगांवर युरोपने निर्बंध आणल्यानंतर उत्प्रेरक म्हणून बिस्मथकडे मोर्चा वळला. बिस्मथ तुलनेने निरुपद्रवी, पण आम्लात आणि पाण्यात त्याला स्थिर ठेवणे सोपे नाही. एक पूड बदलली की दळणाची राळ, आम्ल, भट्टीचे तापमान, सगळ्याची फेरजुळणी करावी लागते. आणि तीही चालू टाकीत, कारण लाखो लिटर रंग फेकून देऊन नवी सुरुवात कुणालाच परवडत नाही. जुन्या रंगात नवा रंग थोडा थोडा मिसळत, उत्पादन न थांबवता हा बदल उरकायचा असतो.

ई-कोट पांढरा का नसतो?

इपॉक्सी राळ भट्टीत किंचित पिवळी पडते आणि उन्हात तिची भुकटी होऊ लागते. वर दुसरा रंग येणार असेल, तर हे चालून जाते. ज्या वस्तूंना एकच थर द्यायचा असतो, त्यांच्यासाठी ॲक्रिलिक राळेचे सीईडी वापरतात. ते उन्हात टिकते, पांढरे आणि फिके रंगही देते, पण गंज रोखण्यात इपॉक्सीची बरोबरी करत नाही. शिवाय पत्रा झाकणारा पांढरा रंग हवा, तर टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर लागतो, आणि जड पूड वाढली की बुडण्याचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

मोटारींसाठीच्या ई-कोटची दिशा सध्या उलटी आहे. पूड शक्य तितकी कमी करायची. अशा ‘लो-ॲश’ रंगांत बुडायला फारसे काही नसतेच, त्यामुळे पंप मंद चालवता येतात, सुट्टीच्या दिवशी काही तास थांबवताही येतात आणि वीज वाचते. पुडीने सांभाळलेली कड मग कोण सांभाळणार? त्यासाठी आधीच गुंफलेल्या राळेचे अतिसूक्ष्म गोळे, म्हणजे मायक्रोजेल, घातले जातात. ते राळेइतकेच हलके असतात, धनभार वाहतात आणि भट्टीत राळेला कडेवरून ओघळू देत नाहीत. असा नवा रंग आला की त्याची परीक्षा कागद कापायच्या कटरच्या पात्यावर होते. पात्याला ई-कोट चढवायचा, आठवडाभर मिठाच्या धुक्यात ठेवायचे आणि धारेवर उमटलेले गंजाचे ठिपके मोजायचे.